पाचव्या खाटेचं नाव

आमच्या संस्थेत नावं मुलींना नसायची, खाटांना असायची. कुणाला हे सांगितलं की तोंड वाकडं करतात. करोत बापडे. मी तिथे एकवीस वर्षं आया म्हणून राबले आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. बारा लोखंडी खाटा, प्रत्येकीच्या डोक्याकडे पत्र्याची पट्टी, पट्टीवर निळ्या रंगात एक नाव. नवं बाळ आलं की जी खाट रिकामी असेल तीत ठेवायचं आणि पट्टीवरच्या नावाने हाक मारायला लागायचं. बाळ गेलं, म्हणजे कुणी दत्तक नेलं किंवा कायमचंच गेलं, की चादर धुवायला टाकायची. पट्टी तशीच राहायची.

ही टूम मोठ्या बाईंची, म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाईंची. आमच्याकडच्या निम्म्या मुली परदेशी घरांत जायच्या. बाई म्हणायच्या, नाव असं हवं की कुठल्याही देशात कुणाची जीभ अडखळायला नको. म्हणून त्यांनी कुठकुठली पुस्तकं चाळून बारा नावं काढली, पेंटरकडून पट्ट्या रंगवून घेतल्या आणि विषय संपवला. फाइलही खाटेच्या नावाने, डॉक्टरचं कार्डही, दुधाची बाटलीही. बाईंना घोळ खपायचा नाही.

पाचव्या खाटेचं नाव मी इथे लिहिणार नाही. गोड आहे. वाचलं की कुणीतरी आपल्या नातीला ठेवून मोकळं होईल, आणि ते मला नको आहे. एवढंच सांगते की माझ्या काळात त्या नावाच्या नऊ मुली झाल्या. ही गोष्ट त्यातल्या चौथीची आणि पाचवीची.

गेल्या महिन्यात एका दुपारी दोन बायका जिना चढून माझ्या खोलीत आल्या. मी भाजी निवडत बसले होते. एक दुभाषीण होती, चाळिशीची, चष्मेवाली, दर दोन वाक्यांनी बाटलीतलं पाणी पिणारी. दुसरी उंच, सावळी, पस्तिशीच्या आतली. चेहरा इथला, पण उभं राहणं, हसणं, हात पुढे करणं सगळं तिकडचं. दुभाषिणीने तिचं नाव सांगितलं. हातातली सुरी मी ताटात ठेवून दिली.

"मावशी, यांच्या फाइलवर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे," दुभाषीण म्हणाली. "त्या वेळचं संस्थेतलं दुसरं कुणी आता हयात नाही. म्हणून तुम्हाला शोधत आलो."

"नऊजणी होत्या त्या नावाच्या," मी मनात म्हणाले, "ही कुठलीही असेल." पण दुभाषिणीने फाइलमधून तिकडे गेल्याची तारीख वाचून दाखवली आणि माझी पळवाट बंद झाली. ही पाचवी होती.

पाहुणी कवळ्या बनवते. म्हणजे दातांच्या डॉक्टरांना लागणारे खोटे दात तिच्या हातून तयार होऊन जातात. म्हणूनच असेल, ती आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघत होती. माझे सहा उरलेत. तिला काम दिसलं असेल. स्वभावाने गरीब वाटली. खुर्ची एकच, म्हणून ती सरळ जमिनीवर बसली आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढली.

त्या वहीत तिच्या नावाचा पत्ता होता, असं म्हणू या. सोळा वर्षांची असल्यापासून ती त्याचा माग काढत होती. ज्या गावात वाढली तिथे तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नव्हती. इथून तिकडे नेताना अंगावरच्या झबल्याशिवाय तिच्यासोबत एकच वस्तू गेली होती, ती म्हणजे नाव. तिकडच्या आईवडिलांनी ते बदललं नाही. बोलायला सोपं होतं ना. मग तिने मनाशीच एक खूणगाठ बांधली, की आईने सोडताना चिठ्ठी ठेवली नाही, पण नाव ठेवलं. म्हणजे नाव हीच चिठ्ठी. तिचा अर्थ लागला की आईच्या मनात काय होतं ते कळेल.

तर तिने अर्थ लावायला घेतला. वहीची पानं उलटत ती वाचत होती आणि दुभाषीण मला सांगत होती. कुठल्याशा वाळवंटी देशात त्या नावाचा अर्थ तहान भागवणारी. एका बेटावर ते फक्त थोरल्या लेकीला ठेवतात. बर्फाळ देशात त्याच नावाची एक राणी होऊन गेली, तिने म्हणे नवऱ्याला तुरुंगात टाकलं. एका मेलेल्या भाषेत अर्थ होतो राखलेली, दुसऱ्या कुणासाठी जपून ठेवलेली. आणि कुठल्या डोंगराळ मुलखात आधीची मुलगी वारली की तिच्या पाठच्या मुलीला हे नाव देतात, जागा रिकामी राहू नये म्हणून.

हे शेवटचं ऐकलं आणि मी उठले. मी पाणी प्यायले. पाहुणीने वही मिटली आणि विचारलं, "यातला कुठला अर्थ माझ्या आईला ठाऊक असेल?"

मी म्हणाले, "मला कसं ठाऊक असणार, बाई?" आणि माझ्या आवाजाला धार आली. धार आली की समजावं, मी घाबरले आहे.

"त्यांनाच विचारू," दुभाषीण खुशीत म्हणाली. "आई सापडल्यात. फाइलमध्ये पत्ता होता. एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करतात, अजूनही तिथेच आहेत. गुरुवारी जायचं ठरलंय. तुम्ही चला, मावशी. तुम्ही दोघींना पाहिलेलं आहे."

पाहिलेलं होतं. तेच तर दुखणं होतं.

आता काय झालं होतं ते सांगते, आडवळण न घेता. इस्त्रीवाली तेव्हा बाविशीची होती. नवरा टाकून गेलेला, छातीचा रोग लागलेला. डॉक्टरांनी तिला वर्षभर इस्पितळात राहायला सांगितलं. तीन महिन्यांची मुलगी घेऊन ती आमच्या दारात आली. तिने मुलीचं नाव सांगितलं होतं, पण मोठ्या बाई म्हणाल्या, इथे खाटेचं नाव चालतं. एका कागदावर तिचा अंगठा घेतला. वर्षभर सांभाळायचा कागद आहे असं तिला वाटलं. तो मुलीवरचा हक्क सोडल्याचा होता. कागद वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी जवळ उभी होते आणि साक्षीदार म्हणून सही केली. मला नुकतं लिहिता यायला लागलं होतं, सही करायची हौस होती.

ती मुलगी पाचव्या खाटेत सात महिने होती. परदेशातलं एक घर ठरलं, कागद झाले, न्यायला येणाऱ्यांची तारीख ठरली. तारखेला बारा दिवस असताना मुलीला न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या दिवशी ती माझ्या मांडीवर गेली. त्याच आठवड्यात पोलिसांनी बसस्टँडवर सापडलेली एक मुलगी आणून दिली होती. तेवढ्याच वयाची, तशीच सावळी. खाट रिकामी नव्हती म्हणून तिला तोवर टोपलीत ठेवलं होतं. नवी फाइल करायची तर पाच महिने लागायचे. मोठ्या बाई दारातून आत आल्या, खाटेकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, हिला पाचमध्ये ठेव."

मी ठेवलं. एवढंच केलं मी. एवढं एकच वाक्य मी चौतीस वर्षं स्वतःला ऐकवत आले आहे.

जी वारली तिला पुरताना नाव लावता आलं नाही. ते नाव तर जिवंत होतं, आठवड्याने विमानात बसणार होतं. तेव्हा दफनभूमीच्या वहीत बसस्टँडवाल्या मुलीची नोंद झाली. स्त्री जात, अंदाजे दहा महिने, बेवारस. कागदावर बघितलं तर माझ्याकडे आलेली पाहुणी मेलेली आहे आणि मेलेली मुलगी कवळ्या बनवते.

इस्पितळातून सुटून इस्त्रीवाली परत आली तेव्हा दार मीच उघडलं. मोठ्या बाईंनी काय सांगायचं ते पढवून ठेवलं होतं. मी म्हणाले, "गेली ती. परदेशात. मोठ्या घरात आहे, सुखात आहे, तिला स्वतंत्र खोली आहे." स्वतंत्र खोली मी माझ्या पदरची घातली. ती दारात खाली बसली. मग उठून गेली. पुन्हा कधी आली नाही.

गुरुवारपर्यंत पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मी स्वयंपाक दोनदा करपवला आणि मेलेल्या मोठ्या बाईंशी मनसोक्त भांडले. कधी वाटायचं, गप्प बसावं. एकीला आई मिळते, एकीला लेक, आपण कशाला मध्ये काडी घालायची? दुसऱ्या क्षणी त्या मांडीवरच्या मुलीची आठवण यायची. तिच्या वाटणीचं सगळं दुसरीला गेलं होतं. खाट गेली, नाव गेलं, विमान गेलं, घर गेलं. एक आई तेवढी तिची उरली होती, आणि आता मी तिच्या आईलाही नेऊन दुसरीच्या स्वाधीन करणार होते. मी ठरवलं, वाटेत दुभाषिणीला सगळं सांगायचं. पोटात ठेवायची माझी ताकद संपली होती.

वाटेत सांगायला जमलं नाही. पाहुणी गाडीत माझ्या शेजारी बसली आणि तिने सबंध वाटभर माझा हात धरून ठेवला. पिशवीत थुंकी तपासायची एक नळी आहे, असं दुभाषीण म्हणाली. संस्थेच्या तिकडच्या लोकांनी दिली आहे, आईची आणि हिची थुंकी जुळते का बघायला. "पण त्या म्हणतात, आधी भेटते, नळीचं नंतर बघू." मी मान हलवली.

लाँड्री मोठी होती. पुढे यंत्रं गरगरत होती, मागच्या लांबट खोलीत इस्त्रीची चार टेबलं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे ढीग, प्रत्येक कापडाला नंबराची चिंधी टाचलेली. तिथल्या वाफेने माझा चष्मा धूसर झाला. बाकीच्या बायकांना जेवायची सुट्टी झाली होती. शेवटच्या टेबलाशी ती उभी होती. बारीक, पाठीत वाकलेली, केस सगळे पांढरे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बघणारा आम्हाला एका वयाच्या म्हणाला असता. बोलताना तिला मध्ये मध्ये श्वासासाठी थांबावं लागत होतं.

पाहुणी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. इस्त्रीवालीने हात पदराला पुसले आणि तिच्या दंडाला लावले, खांद्याला लावले, मग गालाला.

"केवढी झाली," ती म्हणाली. "बस, बाळा. उभी का?"

दुभाषिणीने सांगितलं आणि पाहुणी हुंदके देऊन रडायला लागली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. मी दगडाची आहे असं समजू नका, मलाही रडू आलं होतं. पण मी ते गिळलं. तिथे रडायचा मला हक्क नव्हता.

पाणी झालं, चहा झाला. इस्त्रीवालीने विचारलं, जेवतेस ना नीट? लग्न झालंय? नवरा मारत नाही ना? पाहुणी हसली, म्हणाली, नवरा माझ्याहून बुटका आहे, मारणार कसा? मग तिने वही काढली. ती एकेक अर्थ वाचत गेली, दुभाषीण सांगत गेली, वाळवंट, बेट, राणी. इस्त्रीवाली मान डोलवत ऐकत होती, लहान मुलाची शाळेतली गंमत ऐकावी तशी. शेवटी पाहुणीने विचारलं, "तुझ्या मनात कुठला होता?"

"कसला?" इस्त्रीवाली म्हणाली. "हे नाव मी ठेवलं नाही, बाळा. मी तर आज पहिल्यांदा ऐकते."

दुभाषीण सांगायला कचरली. मग तिने सांगितलं. पाहुणीने माझ्याकडे बघितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी खाटांचं सांगितलं. पट्ट्या, निळा रंग, पेंटर. "खाटेचं नाव आहे ते," मी म्हणाले. "आधीही होतं, नंतरही राहिलं."

ते ऐकून तिचा चेहरा पडला. अठरा वर्षं जी चिठ्ठी उलगडत बसली होती ती तिच्या नावे लिहिलेलीच नव्हती. ती उठली आणि मागच्या दाराने अंगणात गेली, जिथे चादरी वाळत होत्या. दुभाषीण तिच्या मागे धावली. खोलीत आम्ही दोघी उरलो.

इस्त्रीवालीने इस्त्रीचं बटण लावलं. तिने माझ्याकडे पाठ केली होती.

"मावशी, ही माझी नाही ना?"

"असं का म्हणतेस?" मी म्हणाले.

"तू आल्यापासून एकसारखी तिच्याकडे बघतेयस. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस." ती श्वासासाठी थांबली. "त्या दिवशी दारातही असंच. माझ्या पायांकडे बघून बोललीस सगळं. मला वाटलं, गरिबाच्या चपला बघतेय."

मी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"माझी कुठे आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं. चौतीस वर्षं जे घशात अडकलं होतं ते चार वाक्यांत संपलं. न्यूमोनिया झाला, तीन दिवस होती, सकाळी दहाच्या सुमाराला गेली, माझ्या मांडीवर गेली. मग टोपलीचं सांगितलं आणि मोठ्या बाईंचं सांगितलं. मोठ्या बाईंचं सांगताना माझा आवाज चढला, आणि माझं मलाच कळलं की मी अजून अंग काढून घेतेय.

"रडत होती?"

"शेवटी नाही. रडायची ताकद राहिली नव्हती."

"तिला काय म्हणून हाक मारायचात?"

"तेच. खाटेचं."

"म्हणजे तिचं नाव घेऊन तिला कुणीच..."

"नाही," मी म्हणाले.

तिने ढिगातला एक अभ्रा घेतला, पसरला, चारी कडा नीट दाबून त्याला इस्त्री केली, घडी घातली आणि दुसऱ्या घड्यांवर ठेवली. मग आणखी एक घेतला. मी वाट बघत होते. मला वाटलं, ती इस्त्री माझ्या तोंडावर फेकेल, आणि खरं सांगते, फेकली असती तर बरं झालं असतं.

"ही कुणाची मग?" तिने विचारलं.

"बसस्टँडवर सापडली होती. कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. कागदावर ती मेलेली आहे."

"म्हणजे शोधायचं तरी कुठे बिचारीने." ती अंगणाकडे बघत राहिली. चादरींच्या आड दोघींचे पाय दिसत होते. "तिला काही बोलायचं नाही. कळलं? तुझं तोंड आजवर बंद होतं ना, मग आताही बंद ठेव."

दोघी आत आल्या. पाहुणीचे डोळे सुजले होते. ती इस्त्रीवालीच्या समोर बसली, नाक पुसलं आणि दुभाषिणीकडून विचारलं, "मग तू मला काय नाव ठेवलं होतंस?"

इस्त्रीवालीने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी स्टुलावरच अंग चोरून बसले. मला ओरडावंसं वाटलं, देऊ नकोस, ते एक तरी राहू दे तिचं! पण मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. आणि त्या नावावर माझा काय अधिकार होता? ते मीसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

तिने नाव सांगितलं.

पाहुणीने ते म्हणून बघितलं. चुकलं. हे नाव जगभर चालणारं नव्हतं, तिची जीभ त्यात जागोजागी अडखळत होती. "तसं नाही," इस्त्रीवाली म्हणाली, आणि तिला हनुवटीला धरून पुन्हा म्हणायला लावलं. परत चुकलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ती शांतपणे तिच्याकडून ते घोटून घेत होती. ओठ कसे मिटायचे, कुठे थांबायचं ते दाखवत होती. पाचव्या खेपेला ते नीट आलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हां. असं."

"याचा अर्थ काय?" पाहुणीने वहीचं कोरं पान काढून विचारलं.

"अर्थबिर्थ मला नाही ठाऊक. माझ्या आईचं नाव होतं. खमकी बाई होती, पुष्कळ जगली. पोरीने तसं जगावं म्हणून ठेवलं."

पाहुणीने ते लिहून घेतलं. दुभाषिणीने मग चाचरत नळीचा विषय काढला. इस्त्रीवालीला आधी कळेना, आणि कळल्यावर ती खो खो हसली, खोकला लागेपर्यंत हसली. "आईला थुंकून दाखवायची गरज नाही, सांग तिला." पाहुणीही हसली आणि नळी पिशवीच्या तळाशी गेली.

ती चार दिवस राहिली आणि आपल्या देशी परत गेली. जाताना मला भेटून गेली. मी तिला जुन्या नावाने हाक मारली, तर तिने मान हलवून नवं सांगितलं, अगदी नीट उच्चारून.

पुढच्या गुरुवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. इस्त्रीवाली उभी होती. जिना चढून धाप लागली होती. आता तिने मला मावशीही म्हटलं नाही.

"चल. दाखव."

"काय?"

"कुठे ठेवलीस ते."

मुलांची दफनभूमी शहराच्या टोकाला आहे. मी त्या दिवसानंतर तिथे पाय ठेवला नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की भिंतीकडची बाजू होती आणि खड्डा खणणारा घाईत होता. आता जाऊन बघते तर भिंत पाडून दुसरीकडे नेलेली. झाडं उगवलेली. राखणदाराला विचारलं तर म्हणाला, एवढ्या जुन्या बेवारस जागांच्या खुणा कोण ठेवतो, आणि मुलांच्या जागा तर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा वापरतात. हे त्याने मला एकटीला हळू आवाजात सांगितलं. ती लांब, फाटकाशी धाप घेत उभी होती.

मी परत तिच्याकडे गेले. मनाशी पक्कं केलं होतं की सांगायचं, मला जागा सापडत नाही. एक खरं सांगितलं होतं, दुसरं सांगायला काय हरकत होती?

"कुठे?" ती म्हणाली.

तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं बोट आपोआप उचललं गेलं. नळाच्या पुढे, दोन दगडी थडग्यांच्या मधे एक हातभर रिकामी जागा होती. मी तिकडे बोट दाखवलं.

"इथे," मी म्हणाले. "मला पक्कं आठवतंय."

ती तिथे गेली, खाली बसली, मातीवर हात ठेवला. मग तिने नाव घेऊन हाक मारली. हळू नाही, रडत नाही. खेळायला गेलेल्या मुलीला जेवायला बोलवावं तशी, मोठ्याने, लांबवून. दोन कावळे उडाले. राखणदार खोलीतून बाहेर येऊन बघायला लागला. तिने पुन्हा मारली. पाच-सहा वेळा झाल्यावर तिचा श्वास संपला आणि ती माझ्याकडे वळली.

"आता तू मार. तुझ्या मांडीवर गेली ना? तुला ओळखेल."

मी मारली. माझा आवाज फाटला, पण मारली. त्या नावाने मी तिला तेव्हा पहिल्यांदा हाक मारली, आणि ती तिथे नव्हती, निदान ती आहे असं सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. तिथे कुणाचं मूल आहे मला माहीत नाही.

आता दर गुरुवारी ती कामावरून सुट्टी मागून घेते आणि दर गुरुवारी ती मला घ्यायला येते. पाय दुखतात म्हटलं तर ऐकत नाही. मी नाही आले तर तिला जागा चुकेल असं म्हणते. गेल्या खेपेला तिने त्या जागेभोवती विटा लावल्या. तिला वाकवत नव्हतं, म्हणून विटा मी उचलून दिल्या.